न सांगता ओळखणारे मौनीबाबा

सकाळचे नऊ वाजले होते. मौनीबाबांच्या खोलीबाहेरच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या आणि साठ माणसं होती. त्यातले वीसेक जण पार जिन्यापर्यंत उभे. प्रत्येकाच्या हातात नंबराची चिठ्ठी. तेवढ्यात आतून एक बाई डोळे पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी तोंडसुद्धा उघडलं नाही हो. सगळं त्यांनीच सांगितलं." साठ माणसांनी एकदम हात जोडले.

हाच तो चमत्कार. बाबांसमोर आपण बोलायचं नाही, असा नियमच होता. बोलण्याचं काम बाबांनी एकट्याने अंगावर घेतलं होतं. मग त्यांना मौनी का म्हणायचं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. डोक्याला बारा महिने लोकरीची कानटोपी. जगाचा गोंगाट कानात शिरू नये म्हणून.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरात माझ्या मताला फारशी किंमत नाही. माझा दादा लोकांना मोटार चालवायला शिकवतो. बावीस वर्षं तो शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, शांतपणे "क्लच सोडा, हळूहळू" म्हणत आला. मागच्या वर्षी त्याचं काहीतरी बिनसलं. झोप उडाली, जेवण अर्ध्यावर राहू लागलं. संध्याकाळी घरासमोर गाडी लावायचा आणि तासभर आतच बसून राहायचा. वहिनी विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही." मी दोनदा म्हटलं, डॉक्टरांना दाखवू या. त्यावर म्हणाला, "मी काय वेडा आहे?" मग मीही विषय सोडला. ती चूक माझी.

शेवटी वहिनीने त्याला बाबांकडे नेलं. बाबांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि म्हणाले, "पाय हलला नाही ना बाळा, त्या दिवशी? समोर ट्रक होता. तुझ्या पायात सावली अडकलीय. माझ्याकडे अकरा फेऱ्या कर, सुटेल."

दादा तिथेच ढसाढसा रडला. त्या रात्री कित्येक महिन्यांनी तो सलग झोपला. वहिनीचा आनंद गगनात मावेना.

"ट्रकचं काय?" मी विचारलं.

"ते जाऊ दे," दादा म्हणाला. "पण त्याला कळलं कसं? मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं."

"कोणालाही?"

"कोणालाही नाही."

पाचव्या दिवशी तो पुन्हा गाडीत बसून राहिला. फेरी वाया गेली, कारण मनात शंका आली असणार, असं वहिनी म्हणाली. दुसऱ्या फेरीचंही तेच झालं. तिसऱ्या फेरीला मी म्हटलं, मीही येते. पण चिठ्ठी वेगळी काढली आणि बसलेही लांब.

बाबांकडे नंबर लागेपर्यंत तिथे दोन तास जातात. हॉलमध्ये एक मावशी पाण्याचा जग घेऊन फिरायच्या. साधी साडी, मऊ आवाज. माझ्या शेजारी टेकल्या. "दमलीस ग. पाणी घे. घरी सगळं ठीक ना?" एवढंच. मग गप्प बसून माझ्याकडे बघत राहिल्या, जणू दिवसभर त्यांना दुसरं कामच नाही. खोटं सांगायचं ठरवून आले होते, तरी माझ्या तोंडून दादाचंच निघायच्या बेतात होतं.

मी सावरून म्हटलं, "माझी जुळी बहीण बुडून गेली. वाचवता आलं नाही." मावशींनी माझा हात दाबला. थोड्या वेळाने त्या जग भरायला आतल्या बाजूला गेल्या.

माझा नंबर पुकारला तसं मी दादा-वहिनींना खुणेने बोलावलं. तिघं आत गेलो.

बाबांनी डोळे मिटले. "पाणी दिसतंय... दोन चेहरे, अगदी सारखे. एक बुडाला. तिचा हात तुझ्या हातातून सुटला, बाळ."

वहिनी गोंधळली. "अहो, यांना बहीण ही एवढीच."

"जन्मायच्या आधीची गोष्ट," बाबा जराही न अडखळता म्हणाले.

"पोटात असताना बुडाली?" मी विचारलं.

"पाणी सगळं एकच असतं."

पुढचं मी केलं असतं तर आगाऊपणा ठरला असता. केलं ते वहिनीने. ती पाया पडायला वाकली, उठताना टोपीतून बारीक कुजबुज ऐकू आली, तशी तिने बाबांची कानटोपी धरली आणि ओढली. शेंगदाण्याएवढं यंत्र टोपीबरोबर निघालं आणि फरशीवर पडलं. त्यातून मावशींचा मऊ आवाज बारीक पण स्पष्ट येत होता, "पुढचा चष्मेवाला. नोकरी गेलीय, बायकोला सांगितलेलं नाही."

दादा ते यंत्र बघत राहिला. "मावशींना सांगितलं होतं मी," तो म्हणाला. "पाणी द्यायला आल्या होत्या. ते सांगण्यात धरलंच नाही मी."

बाहेर येऊन आम्ही त्याच्या गाडीत बसलो. "आता मला सांग," मी म्हटलं.

तो काचेतून समोर बघत बोलला. "शिकणारी मुलगी ट्रकच्या अंगावर चालली होती. माझा पाय ब्रेकवरच होता. दाबला नाही. वाटलं, होऊ दे. तिनेच वेळेवर दाबला. कारण विचारू नकोस, कारण काहीच नाही. तेच तर सांगायला लाज वाटत होती."

वहिनी मागे बसून रडत होती. मी त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं.

पहिल्या भेटीनंतर दादाने तक्रार केली, "या डॉक्टरांना काहीच ओळखता येत नाही. झोप कशी, भूक कशी, मरावंसं वाटतं का, सगळं विचारत बसतात." मी ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "ओळखता येत नाही, म्हणूनच विचारतो."

त्यांनी त्याला काही महिने गाडीपासून लांब ठेवलं, गोळ्या दिल्या, आठवड्याला एकदा बोलायला बोलावलं. पहिला महिना फारसा फरक नव्हता. मग झोप आली, मग भूक, आणि एके दिवशी जेवताना तो वहिनीवर चक्क चिडला. तिला इतकं बरं वाटलं की तिने भांडण दिवसभर लांबवलं. आता तो पुन्हा शिकवतो. गोळ्या अजून चालू आहेत.

बाबांकडची गर्दी आठवडाभर ओसरली आणि पुन्हा भरली. ते यंत्र दैवी आहे, असं आता तिथे सांगतात.

पण दादाला त्या पहिल्या रात्री झोप लागली ती सावलीमुळे नाही. महिनोन्‌महिने गिळलेली गोष्ट त्याने एका माणसाला सांगितली होती, आणि त्या माणसाने ती मधे न तोडता ऐकली होती. दुर्दैव हे की ते काम घरातल्या आम्ही दोघींनी करायचं सोडून एका पगारी बाईने केलं. मन आजारी पडतं, त्याला डॉक्टर असतात, औषध असतं. आपल्याला काय होतंय हे कोणी न सांगता ओळखेल, याची वाट बघू नका. आणि घरातलं कोणी "काही नाही" म्हणालं, तर एवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा.