कपात वजा जाता बाबा

रविवारी टकळीने घरखर्चाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकलं आणि अख्ख्या घराची सूत्रं आपल्या हाती आल्यासारखी ती खुर्चीत टेचात बसली. टकळी हे नाव बाबांनी ठेवलेलं. तिचं तोंड बंद असलं तर ती झोपलेली असते, असं त्यांचं म्हणणं.

आतापर्यंत आई बँकेत पडतील तेवढेच पैसे वहीत लिहायची. "हा काय हिशोब झाला?" म्हणत टकळीने बाबांच्या पगाराची स्लिप पुढ्यात ओढली. आधी एकूण मिळकत, मग एकेक कपात: कर नऊ टक्के, म्हातारपणाचा फंड बारा, विमा दोन. हातात सत्त्याहत्तर. पैशाला पैसा जुळला! फक्त 'मिळकतीचं नाव' या रकान्यात लोक 'पगार' लिहितात, तिथे तिने लाडाने 'बाबा' लिहिलं आणि महिना बंद करून टाकला.

सोमवारी संध्याकाळी बाबा सत्त्याहत्तर टक्के घरी आले.

पँट पायात लोळत होती, टोपी नाकावर आली होती. चहा पाऊण कप प्यायले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. "आज सहाव्या मजल्यावर लिफ्ट अड..." एवढं बोलून गप्प.

"अडकली?" आई म्हणाली. "आणि तुमचं उरलेलं कुठंय?"

बाबांनी खांदा उडवला. एकच.

टकळीने कॅलेंडरकडे पाहिलं. शनिवारी वक्तृत्वाची अंतिम फेरी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी तिच्यासाठी रजा टाकली होती. भाषण पाच मिनिटांचं. म्हणजे सत्त्याहत्तर टक्के बाबा चार मिनिटं व्हायच्या आत उठून जाणार, आणि शेवट तर तिने त्यांच्यासाठीच लिहिलेला!

तिने धावत जाऊन 'बाबा' खोडून 'पगार' लिहायला घेतलं, पण सॉफ्टवेअर ढिम्म. 'बंद महिन्यात फेरफार होत नाही.'

दुसऱ्या दिवशी ती बाबांच्या ऑफिसात पगारवाल्या काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"नावाच्या रकान्यात 'बाबा' लिहिलंस ना?" काकांनी मान वर न करताच विचारलं. "लिहितात पोरं. पुढच्या महिन्यात सुधार."

"काका, मला शनिवारी हवेत! पूर्ण!"

"कर गेला तो गेला. विमा काही झालं तरच मिळतो. फंडातले बारा टक्के मात्र आत्ता काढून देतो. कर सही." त्यांनी फॉर्म सरकवला. "साठीनंतर तेवढे कमी मिळतील हं. गुडघे जातील, नाहीतर कान. काय निघेल ते आपल्या हातात नसतं."

टकळीने पेन उघडलं. मग टोपण लावलं.

"राहू दे, काका. म्हातारे बाबा मला शाबूत हवेत."

जिना उतरताना मात्र तिचं डोकं चालायला लागलं. हातात अख्खी पाच मिनिटं पडायला हवीत, तर एकूण भाषण केवढं? साडेसहा! घरी जाऊन तिने भाषणाच्या मागे दीड मिनिटाचं शेपूट जोडलं.

शनिवारी बाबा पहिल्या रांगेत बसले. टकळी सुसाट सुटली. पाच मिनिटं भरता भरता तिने शेवटचं वाक्य म्हटलं, "माझा आवाज एवढा मोठा झाला, कारण घरी तो कान देऊन ऐकणारं माणूस होतं." घंटा वाजली. बाबांनी एक डोळा पुसला आणि ते उठून बाहेर गेले.

आता उरलेलं बोलणं भागच होतं, नाहीतर अख्खा हिशोब फसला असता. तिने माईकचे आभार मानले. पंख्याचे मानले. परीक्षकांच्या पाण्याच्या बाटलीचे, तिच्या बुचाचेसुद्धा. सभागृह हसून हसून लोळायला आलं.

"बाळा, दीड मिनिट जास्त झालं," परीक्षकबाई म्हणाल्या. "गुण कापावे लागतील."

"कापा की बाई, बिनधास्त कापा!" असं म्हणून टकळी मंचावरून उडी मारून दाराकडे पळाली.