अकरा उन्हाळ्यांचा राजा

मी कापडाच्या दुकानातला पुतळा बोलतोय. काचेमागे सूट घालून उभा असतो ना, तोच. इतकी वर्षं दुकानात काढली, म्हणून दोष आधीच सांगून टाकतो: माल चोख आहे, फक्त डावा हात खांद्यातून निसटतो. आणि अलीकडे पोटात जळतं. पोट पोकळ आहे, तरी जळतं.

जन्म साच्यातला. एकाच दिवशी आम्ही चाळीस भाऊ निघालो, सगळ्यांचं नाक सारखं. मालकांनी मलाच उचललं. "हा गिऱ्हाइकाकडे बघतो, बाकीचे छताकडे," म्हणाले. पारखी माणूस!

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पंधरवडाभर संध्याकाळचे कार्यक्रम असतात. वाचनालयाच्या अंगणात कुणी गातं, पोरं फरशीवर खडूनं चित्रं काढतात, म्हातारी मंडळी तासभर आधीच खुर्च्या अडवून बसतात. शेवटच्या दिवशी मुलांचं नाटक. नाटक दरवर्षी नवं, पण त्यात राजा हवाच. अकरा वर्षांपूर्वी राजा झालेला मुलगा गर्दी बघून टेबलाखाली शिरला, तो बाहेरच येईना. मालक धावत दुकानात आले, मला काखोटीला मारलं आणि सिंहासनावर नेऊन टेकवलं. संवाद त्यांनीच मागून म्हटले. तेव्हापासून राजा मीच. एका वर्षी ऐन न्यायनिवाड्यात हात गळून पडला. प्रधान झालेल्या पोरीनं तो उचलून बगलेत धरला आणि म्हणाली, "महाराज फार दमलेत!"

यंदा समोरच्या शिंपीकाकांची नात दुकानात मालकांकडे आली. इतकी चिमुरडी की सगळे टिकलीच म्हणतात.

"काका, यंदा राजा मी."

"अगं, राजाला पानभर बोलायचं असतं."

"तोंडपाठ आहे. म्हणू?"

आणि म्हटलं की! मालकांच्या हातातलं कापड मोजायचं राहिलं. "झालं," ते म्हणाले, "पुतळ्याला यंदा सुट्टी."

अकरा वर्षांची चाकरी आणि सुट्टी! मला विचारलं कुणी?

नाटकाच्या दिवशी मला राजाच्या झग्यासकट अंगणात नेलं आणि झगा माझ्या अंगावरून उतरवून तिला चढवला. तो तिला भलताच ढगळ. मालकांनी हातासरशी मला सजवतात तसंच केलं: जादा कापड पाठीमागे ओढलं आणि टाचण्या मारल्या. पुढून राजेशाही, मागून सगळा गबाळा कारभार. माणूस वळतो, हे आयुष्यभर पुतळे सजवणाऱ्याच्या ध्यानातच आलं नाही. माझ्या आलं होतं. मला बोलता येत नाही हे खरं, पण आलं असतं तरी मी गप्पच बसलो असतो. खोटं कशाला सांगू?

संवाद तिनं झकास म्हटले. मग प्रधान म्हणाला, "महाराज, आत चलावं." ती वळली. मागे टाचण्यांची रांग, मधल्या फटीतून ठिपक्यांचा फ्रॉक! पहिल्या रांगेत हसू फुटलं. तिचे कान लाल झाले. मी कोपऱ्यात तयार होतो. आता ही टेबलाखाली जाणार, आता मालक माझ्याकडे धावणार.

ती पुन्हा लोकांकडे वळली. "आम्ही राजे आहोत," ती कडाडली, "प्रजेला पाठ दाखवत नाही!" आणि एकेक पाऊल मागे टाकत, प्रधानाच्या पायावर पाय देत, थेट पडद्याआड.

केवढ्या टाळ्या! पंधरा दिवस गुडघ्यांचं रडगाणं ऐकवणारे शिंपीकाका चक्क खुर्चीवर चढले. "माझी नात! माझी नात!" म्हणून ओरडू लागले. त्यांच्या जोडीला मालकही ओरडत होते. माझ्याकडे एकानंही बघितलं नाही.

आता मी परत काचेमागे आहे. शाळेत जाताना टिकली रोज थांबते, काचेला नाक लावते आणि विचारते, "काय माजी महाराज, कसं चाललंय?" तो 'माजी' फार लागतो हो.

पोर गुणी आहे, हे मी ओठ आवळून का होईना, मान्य करतो. तिचं वाईट मी चिंतत नाही. फक्त पुढच्या उन्हाळ्यात, नाटकाच्या दिवशी, तिचा घसा बसावा. एकच संध्याकाळ. ताप नको, खोकला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत होऊन अंगणभर ओरडत फिरली, तरी माझी काही हरकत नाही.