तरंगणाऱ्या वस्तूंचे डॉक्टर

लीलाधर सरांनी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही प्रबंधाची तोंडी परीक्षा द्यायला मुंबईला गेले तेव्हा. प्रबंध मात्र समुद्रावरच होता. खवळलेलं पाणी तरंगत्या वस्तू नुसत्या विखरत नाही, गोळाही करतं. दोन प्रवाह समोरासमोर येतात तिथे पाणी खाली जातं, आणि ज्याला बुडता येत नाही ते वरच अडकतं, फेसाच्या रेघेत. धुळ्याच्या कॉलेजात हे कोणी वाचलं नाही. नावामागे 'डॉ.' लागलं, एवढं मात्र तापीकाठच्या त्यांच्या गावाकडे पोचलं.

एक्क्याण्णवच्या श्रावणात तापीच्या पुरात त्या गावचा वना होडीतून पडला. त्याचा थोरला भाऊ लोटन एसटीने थेट कॉलेजात आला.

"सर, तरंगणारं कोठे सापडस, त्याना डॉक्टर शेतस ना तुम्ही? तुम्हले समुद्रनं समजस, हाई तं आमनी तापी शे."

तीन दिवसांत प्रेत मिळालं नाही तर गवताचा माणूस करून त्यालाच अग्नी द्यायचा, असं वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं. वनाची बायको यशोदाबाई हटून बसली होती: तोंड पाहिल्याशिवाय कुंकू पुसणार नाही.

इतक्या वर्षांत सरांना त्यांचा विषय पहिल्यांदाच कोणी विचारला होता. लोटनबरोबर गावी येऊन त्यांनी काठावरून बोट दाखवलं. पलीकडे, नाला नदीला मिळतो तिथे, फेसाची रेघ होती. गावातल्या दोन्ही होड्या दोन दिवस तिथेच फिरल्या. सिद्धांत तंतोतंत खरा निघाला. फैजपूरकडून वाहत आलेले केळीचे खांब, चपला, तेलाचे डबे, कोणाचा तरी पाट, सगळं एका रांगेत. फक्त वना नव्हता.

"माणूस पहिले बुडस," म्हातारा नावाडी झिपरू दुसऱ्या दिवशी सांजेला म्हणाला. "मंग वर येस. जठे बुडना तठेच."

"मंग पहिले का नही सांगं?" लोटन ओरडला.

"डॉक्टरना पुढे मी काय सांगू?"

बुडणाऱ्या वस्तू प्रबंधात नव्हत्या.

उजाडताच होड्या तिकडे वळवल्या, तोवर वना वर येऊन निघूनही गेला होता. खालच्या गावच्या बायकांनी मधल्या धारेतून एक निळा सदरा जाताना पाहिला, पालथा.

दुपारी लोटन अंगणात गवत बांधायला बसला. सरांसाठी घोंगडी टाकली होती. मान कमी झाला नव्हता. ते घोंगडीवर न बसता खाली बसून सुतळी धरून राहिले.

दाराआडून यशोदाबाईचा आवाज आला.

"आखो थोडा लांबा करा, भाऊ. ते उंच व्हतात."

लोटनने गाठ सोडली.