पाणथळीची साफसफाई

आमच्या पाणथळीतून नवा रस्ता जाणार असं पत्र आलं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं, डिंपनाताईचं, अन्नावरून मन उडालं. आईबाबांची जमीन ती. मग कुणीतरी सांगितलं, तिथे मोहरीएवढी एक दुर्मीळ गोगलगाय राहते. ती सापडली तर रस्ता वळवावाच लागेल. ती शोधायला गोगलगायींच्या तज्ज्ञ मिस क्वर्क गुरुवारी येणार होत्या.

पाहुणे येणार म्हटलं की आमच्या गावात आधी भिंतींना चुना लागतो. ताईने घर रंगवलं, कोंबड्यांचं खुराडं धुतलं आणि माझ्या हातात विळा दिला.

"फिंटन, तो लव्हाळा काप. सडका पाला उचलून जाळ. बाई काय म्हणतील, यांच्या घरी झाडू नाही?"

"ताई, गोगलगायीला कशाला साफसफाई?"

"तुला स्वतःला आंघोळीचा कंटाळा, तू तिची वकिली करू नकोस!"

साठ वर्षं हेच ऐकतोय. गेलो मुकाट्याने.

गुरुवारी मिस क्वर्क भिंग आणि चाळणी घेऊन आल्या. ताईने चहा आणि घरी भाजलेला सोडा ब्रेड दिला आणि मोठ्या ऐटीत खिडकीतून रान दाखवलं. दाढी केल्यासारखं गुळगुळीत. बाईंच्या हातातला ब्रेड हातातच राहिला.

"अहो, हे काय करून बसलात? ती त्या सडक्या पाल्यातच राहते. पाला गेला की ती गेली."

ताईने एप्रन डोळ्यांना लावला. मला ते बघवेना.

"ताई, रागावू नकोस. खिडकीतून दिसतं तेवढंच कापलंय. टेकाडामागे मी झोपलो होतो."

"गोगलगाय अन् पोटात पाय! मेल्या, दोन दिवस घाम पुसत घरी येत होतास!"

"ते ओढ्याचं पाणी होतं."

टेकाडामागे कमरेएवढा लव्हाळा तसाच उभा होता. मी लोळून चेपलेल्या जागेशेजारचा मूठभर पाला बाईंनी चाळला, भिंग लावलं आणि चक्क ओरडल्या. एक नाही, अकरा निघाल्या! ताईने छातीवर क्रूसाची खूण केली, मग माझ्या पाठीत धपाटा घातला. हात मात्र काढला नाही.

"आता इथे कुणीही काहीही करायचं नाही," मिस क्वर्क म्हणाल्या. "कापायचं नाही, उपसायचं नाही, झाडायचं तर मुळीच नाही."

"बाई," मी म्हणालो, "तेवढं लेखी द्या. माझ्या नावाने."