वाळूच्या पोटातला श्वास

एकोणीसशे चौसष्ट सालची गोष्ट. पेरू देशाच्या उत्तर भागात सेचुराच्या वाळवंटात पोसो सेको ही शेळ्या पाळणाऱ्यांची वस्ती. तिथे त्या वर्षी अचानक जत्रा भरू लागली. माणसं गाढवांवरून येत, मासळीच्या ट्रकमधून येत, आजारी म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन येत. आणि बघायला येत काय, तर जमिनीतलं मूठभर रुंदीचं एक भोक!

भोकापाशी मेस्त्रो अबुंदिओ बसायचा. हा त्या भागातला वैदू. तोंडात अत्तर धरून तो चहूकडे फुर्रकन फवारायचा आणि सुरू व्हायचा, "वाळवंट हा आपला आजोबा! सकाळी आजोबा श्वास ओढतो, त्यासरशी तुमचा रोग पोटात घेतो. दुपारी श्वास सोडतो, तो आशीर्वाद! पण डॉक्टरची सुई आजोबाला खपत नाही हां. एक तर सुई, नाहीतर आजोबा!"

"आणि आजोबा खातो काय?" सिक्स्तो मासळीवाल्याने विचारलं.

"करडू. पण त्याला दात नाहीत ना, म्हणून त्याच्या वतीने मी खातो."

लोक हसले आणि करडं बांधून गेले.

गर्दीत शाळेच्या एर्मिनियाबाई उभ्या होत्या. शेजारी धाकटा भाऊ इसिद्रो. त्याला क्षय झाला होता. वस्तीला दवाखाना नाही, तेव्हा त्याला इंजेक्शन बाईच द्यायच्या. त्या आल्या होत्या खरं तर गंमत बघायला. पण मेस्त्रोने इसिद्रोच्या सदऱ्याचा दोरा भोकावर धरला आणि कुणी ओढावा तसा तो सर्रकन आत गेला. दुपारी त्याच भोकातून कोंबडीचं पांढरं पीस उसळून डोक्यावर गेलं. "ताई, छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटतंय गं," इसिद्रो म्हणाला, आणि बाईंना रडू कोसळलं. त्या दिवसापासून सुई कपाटात गेली.

चार दिवसांनी पेत्रोनिला शाळेच्या दारात आली. तिची मुलगी बाईंच्याच वर्गात होती, आणि पेत्रोनिलाला स्वतःला इसिद्रोचाच आजार होता.

"बाई, तुम्ही भावाची सुई बंद केलीत म्हणे?"

"हो गं."

"मग मी मेली या गोळ्या कशाला गिळतेय? शिकल्यासवरल्या बाईंना कळतं, ते मला थोडंच कळणार!"

बाई नुसत्या हसल्या. त्यांना त्या वेळी बरंच वाटलं.

महिना-दीड महिन्यात इसिद्रोच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं. मेस्त्रोने मान हलवली. "श्रद्धा कमी पडली. पृथ्वी गोल आहे, असं अजून शिकवता ना वर्गात? मग!"

त्याच आठवड्यात तेल शोधणाऱ्या तुकडीची जीप वस्तीत आली. आदल्या वर्षी याच लोकांनी वाळवंटात सरळ रेषेत भोकं पाडली होती. त्यांत सुरुंग उडवायचे आणि जमिनीखालून परतणारे हादरे यंत्रावर टिपायचे, हे त्यांचं काम. तुकडीतले मोजणीचे इंजिनियर तेखादा सावलीसाठी शाळेत टेकले. गर्दी कसली, हे बाईंनी सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ते भोक आमचं आहे. खाली गोट्यांमधली पोकळी लागली, सुरुंग ठरेना. बुजवून जायला हवं होतं. आम्ही वर दगड ठेवला आणि निघालो."

"पण ते श्वास घेतं हो! डोळ्यांनी पाहिलंय मी."

तेखादांनी पेटीतून तबकडीचं एक यंत्र काढलं. "उंची काढायला आम्हांला हवेचा दाब मोजावा लागतो. इथे रोज सकाळी दाब चढतो, दुपारी उतरतो. चढला की हवा भोकातून खाली पोकळीत शिरते, उतरला की बाहेर येते. हवेला वजन असतं, हे शिकवतच असाल तुम्ही."

माणूस सरळ मनाने बोलला होता. पण बाईंचे कान तापले. काठीच्या दोन टोकांना फुगे बांधून हाच धडा त्यांनी त्या वर्षी शिकवला होता.

"उद्या दुपारी या," त्या म्हणाल्या. "बोलेन मी. सुई मीच बंद केली होती."

दुसऱ्या दिवशी बाई गर्दीत पुढे झाल्या. "मेस्त्रो, आजोबा किती?"

"एकच! आणि बोलतो फक्त माझ्याशी."

"मग चला सगळे माझ्याबरोबर."

तुकडीच्या खुंट्यांच्या रेषेने सगळे चालत गेले. पुढच्या भोकावर दगड होता, भोवती लेंड्या. ना मेणबत्ती, ना मंत्र. सिक्स्तोने दगड सरकवून पीस धरलं. ते भुर्रकन वर उडालं.

"इथे कोण राहतो? आजोबाचा भाऊ?" सिक्स्तो म्हणाला.

"ही... ही दुसरी नाकपुडी!" मेस्त्रो ओरडला.

"या रेषेत अशी आणखी पाच उघडी आहेत," तेखादा म्हणाले.

"अरे बापरे! आजोबाला पडसं झालं तर वस्ती वाहून जाईल की!" सिक्स्तो म्हणाला.

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. "मेस्त्रो, आत्ता दुपार आहे. आजोबाला म्हणावं, एकदाच श्वास आत घे."

मेस्त्रोने अत्तर फवारलं, खुळखुळा वाजवला, पीस धरलं. ते उसळलं आणि त्याच्याच ओल्या मिशीला चिकटलं.

मग बाईंनी दाबाचं गणित साध्या शब्दांत सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मला हे सगळं ठाऊक होतं. तरी मी फसले, आणि माझ्याकडे बघून तुम्ही फसलात. आज घरी जाऊन आधी औषधं घ्या."

तुकडीने सगळी भोकं सिमेंटने बुजवली. तेखादा नंतर जिथे गेले, तिथे शेवटचं भोक बुजेपर्यंत जीपमध्ये बसत नसत. मेस्त्रो डोंगराकडे गेला. तिकडे एका झऱ्यापाशी बसतो, असं पुढे कानावर आलं. सिक्स्तोने मासळी विकण्यातच जन्म काढला. इसिद्रोची सुई पुन्हा सुरू झाली आणि तो एका फुप्फुसावर म्हातारा झाला.

पेत्रोनिलाने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण उशीर झाला होता. बाई तिच्या झोपडीत जाऊन पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "पेत्रोनिला, चूक माझी आहे गं."

"काहीतरीच काय, बाई!" ती धापा टाकत म्हणाली. "तुमची कशी चूक होईल? तुम्ही तर शिकलेल्या."

फेब्रुवारीतल्या कार्निव्हलच्या सणाआधीच ती गेली. एर्मिनियाबाईंनी पुढे खूप वर्षं शिकवलं. दर वर्षी पहिल्या दिवशी त्या मुलांना एकच गोष्ट सांगत: कुणी शिकलेलं माणूस करतं म्हणून काही करू नका. मी करते म्हणूनसुद्धा नाही. विचारा, पडताळून बघा. आणि तोवर औषध थांबवू नका.