घाईची घंटी

दिवाळीच्या सुट्टीत धर्मराज मास्तर मुंबईला मेहुण्याकडे गेले होते. तिथं एका संशोधन संस्थेत तयार होत असलेलं गणकयंत्र त्यांना पाहायला मिळालं. खोलीभर कपाटं आणि त्यांत ओळीनं पेटलेल्या काचेच्या नळ्या. हे १९५९ सालचं. जालन्याच्या शाळेत गणित शिकवणारा हा माणूस परतला तो भारावूनच. शिक्षकांच्या खोलीत रोज तेच बोलणं. ऐकणारे माना हलवायचे, कळायचं मात्र कुणाला काही नाही.

म्हणून गॅदरिंगला त्यांनी माणसांचंच यंत्र उभं केलं. चित्रकलेचे मच्छिंद्र मास्तर फळ्यावरचा एकेक हुकूम वाचणार. कापडदुकानदाराचा मुलगा पुखराज, जो तोंडी बेरजेत पटाईत होता, तो हिशेब करणार. आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवलेले डबे म्हणजे यंत्राची स्मरणशक्ती. त्यातून हवी ती चिठ्ठी आणून द्यायला शाळेचा शिपाई कचरू. बाकी सगळे नाटकात गुंतलेले, मोकळा तेवढा तोच होता. बैलानं लाथ मारल्यापासून त्याचा एक गुडघा अधू होता, हे मास्तरांना ठाऊक होतं. तरीही त्यांनी डबे मंडपाच्या पार दुसऱ्या टोकाला मांडले. लांबून धावपळ दिसली म्हणजे लोकांना मजा येईल, असं त्यांना वाटलं.

मास्तर स्वतः घंटी वाजवणार होते. एक टोला, एक काम.

कार्यक्रमाच्या आधी त्यांनीच सगळ्यांना बजावलं होतं, "यंत्र किती जल्दी चालेल ते घंटीवर आहे. पण घंटी कितीही भरभर हाणून चालत न्हाई. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्याचं काम उरकेपर्यंत दुसरा टोला द्यायचा न्हाई. न्हाईतर हिशेब चुकतो."

सुरुवात छान झाली. मच्छिंद्र वाचायचे, "तिसऱ्या डब्यातला आकडा आणा." कचरू लंगडत जायचा, चिठ्ठी घेऊन यायचा. तोवर पुखराज नुसता बसून असायचा. चिठ्ठी हाती पडली की बेरीज क्षणात तयार.

पुढच्या खुर्चीवर शिक्षणखात्याचे साहेब पाहुणे म्हणून बसले होते. त्यांनी जांभई दिली आणि मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, आमच्या दफ्तरातला मुन्शी याच्याहून जल्दी बेरीज करील की!"

मंडप हसला. मास्तरांचे कान तापले. त्यांनी घंटी भरभर वाजवायला सुरुवात केली.

कचरू धावू लागला. एका हातानं गुडघा दाबत तो डब्यांकडे जायचा आणि पोचायच्या आत पुढचा टोला पडायचा. पोरं "पळा मामा, पळा!" म्हणून ओरडू लागली. शेवटी तो मिळेल त्या डब्यातून चिठ्ठी उचलू लागला. मच्छिंद्र मास्तर हळूच म्हणाले, "अहो, जरा दमानं." धर्मराज मास्तरांनी ऐकलं आणि आणखी जोरात टोला दिला. कचरू सतरंजीत पाय अडकून पालथा पडला. चिठ्ठ्या सगळीकडे उधळल्या. पुखराजनं जे उत्तर सांगितलं, ते साफ चुकीचं होतं.

"क्या हुआ आपकी मशीन को?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, मशीन बराबर आहे," मास्तर म्हणाले. "आमच्या शिपायानं घोळ केला."

कचरू अजून जमिनीवरच होता. त्यानं ते ऐकलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी कचरू शाळेत आला नाही. मास्तर वर्गावर गेले, पण एक गणित त्यांना धड सोडवता येईना. दुपारी ते जुन्या जालन्यात त्याच्या घरी गेले. कचरूची बायको सोनूबाई विटेचा तुकडा गरम करून, फडक्यात गुंडाळून त्याचा गुडघा शेकत होती. गुडघा टम्म सुजला होता.

"बसा भाऊ," ती म्हणाली, पण वर बघितलं नाही.

कचरू मात्र उठू लागला. "मास्तर, चुकी झाली. मोठ्या सायबांम्होरं माझ्यामुळं तुमची इज्जत गेली. म्या लई पळालो, पण पायच चालला न्हाई."

मास्तरांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या निमूट ऐकल्या असत्या.

"मामा, तुमची काहीच चूक न्हाई," ते कसंबसं म्हणाले. "चूक माझी. घंटी माझ्या हातात होती. मी उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांना सांगतो."

"नका सांगू मास्तर," कचरू घाईघाईनं म्हणाला. "पुन्हा समद्यांम्होरं माझं नाव निघंल. पोरं पुन्हा हसतील."



मास्तरांनी प्रार्थनेत त्याचं नाव काढलं नाही. वर्गात मात्र तेच यंत्र पुन्हा मांडलं, या खेपेला डबे हिशेब करणाऱ्या पोराच्या हाताशी ठेवून. टोले सावकाश दिले. हेलपाटे वाचले, हिशेब आधीपेक्षा लवकर झाला आणि बरोबर आला. "परवा यंत्र चुकलं न्हाई," ते पोरांना म्हणाले, "चालवणारा चुकला." पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

पण तोवर मधल्या सुट्टीत कचरूला नवं नाव पडलं होतं. "मशीनमामा, पाणी द्या!" कचरू हसून पाणी ओतायचा, बहुधा त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मास्तर तिथून जात असले की त्यांची नजर आपोआप जमिनीकडे वळायची. पोरांना रागवावं असं रोज मनात यायचं. पण कोणत्या तोंडानं रागवणार, म्हणून ते तसेच पुढं जायचे.