खांबावरची वायर

मी एक जुनी डिझेल गाडी. फिनलंडच्या उत्तरेला, कूसामो गावाच्या पलीकडे, जंगलातल्या एका घराच्या अंगणात उभी आहे. आज मला गोड बोलायचं नाही.

जन्म जर्मनीतला. पण हिवाळ्यात जगायला शिकवलं ते हिल्काच्या नवऱ्यानं, तावीनं. त्यानं माझ्या इंजिनात छोटा हीटर आणि बॅटरीला चार्जर बसवला आणि अंगणात खांब रोवून त्यावर एक सॉकेट लावलं. निघायच्या आधी काही तास वायर जोडायची, म्हणजे इंजिन कोमट राहतं आणि तेल वाहतं राहतं. हँडब्रेक ओढायचा नाही, तो गोठून बसतो. गिअरमध्ये ठेवून उतरायचं. सुरू करताना क्लच तळापर्यंत दाबायचा, नाहीतर गिअरबॉक्समधलं डांबरासारखं तेल ढवळता ढवळता बॅटरी संपते. मग न्यूट्रलमध्ये क्लच हळूच सोडायचा आणि थांबायचं. माणसांना नेमकं हे थांबणंच जमत नाही.

तावी गेला. हिल्काला मात्र थांबता येतं. ती दर गुरुवारी मला घेऊन गावातल्या वृद्धाश्रमात जाते. तिथं तिची बहीण साइमी असते. साइमीला दिसत नाही आणि अलीकडे माणसांचे आवाजही ओळखू येत नाहीत. खिडकीखाली माझी खडखड ऐकू आली की ती म्हणते, "कॉफी ठेवा, आमची हिल्का आली."

बुधवारी हिल्काचा मुलगा यार्मो दक्षिणेतून आला, नव्या विजेच्या गाडीतून. आल्या आल्या त्यानं माझ्या चाकाला लाथ मारली.

"आई, हे धूड अजून चालतं?"

"तुझ्यापेक्षा नियमित येतं-जातं."

"उद्या सुरू झालं तर मी तोंड उघडणार नाही. नाही झालं तर भंगारात. आणि तू माझ्याजवळ फ्लॅटमध्ये."

"आणि साइमी?"

"मी येईन तेव्हा नेईन की तिच्याकडे."

"तू नाताळला येतोस, यार्मो."

हिल्कानं माझी वायर जोडली, बॉनेटवर तावीचं जुनं घोंगडं टाकलं आणि आत गेली. जेवण झाल्यावर यार्मो बाहेर आला, माझी वायर उपटून बर्फात टाकली आणि सॉकेटला स्वतःची गाडी लावली. इकडे दुसऱ्याची वायर कुणी काढत नाही. शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल, तरी काढत नाही. यार्मो इथेच लहानाचा मोठा झालाय. त्याला हे माहीत होतं.

सकाळी उणे चौतीस. हिल्कानं क्लच दाबला, किल्ली फिरवली. मी कण्हले. पुन्हा कण्हले. तिसऱ्यांदा तेवढाही आवाज निघाला नाही.

"बघ," यार्मो म्हणाला.

हिल्का खाली उतरली. वायर काठीसारखी ताठ होऊन बर्फात पडली होती. ती तिनं उचलली आणि मुलाकडे बघितलं.

"मला लांब परत जायचंय, आई. माझी चार्ज करणं जास्त गरजेचं होतं."

"विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारायचं होतंस."

गुरुवार चुकवायचा नाही म्हणून ती त्याच्या गाडीत बसली. पण त्याआधी तिनं त्याची वायर काढून माझी जोडली. यार्मो तोवर लाकडांच्या खोपीमागे जाऊन फोनवर भंगारवाल्याला सांगत होता, "आम्ही घरी नसू. उचलून न्या."

मी धूर सोडते, ते नाकारत नाही. पण नवी वस्तू दारात आली की जुनीचा खून आपोआप पुण्याचं काम होतं, हा कुठला हिशेब? माझ्या जागी येणारं लोखंड काय आभाळातून पडणार आहे?

दोनेक तासांनी भंगारवाला रेयो ट्रक घेऊन आला. पुढे वाकून त्यानं साखळीचा आकडा अडकवायला घेतला आणि हात थांबला. त्याची नजर वायरीवरून खांबापर्यंत गेली. त्यानं हातमोजा काढला, घोंगड्याखाली तळवा ठेवला आणि फोन लावला.

"यार्मो? अरे, ही तर वायरीला लावलीय. आतून गरम आहे... नाही, मी काढणार नाही. ज्यानं लावली त्यानं काढायची... वेडा मी नाही. टाकायच्या गाडीला कुणी ऊब देतं का? कोण बोलतंय? हिल्का? बरं, बरं. निघतो मी."

ट्रक रिकामाच गेला.

दुपारी यार्मोची गाडी आली. तिचा आवाज मला आलाच नाही, फक्त बर्फ करकरला. हिल्का उतरली.

"साइमीला मी आल्याचं कळलंच नाही," ती म्हणाली. "मी तिचा हात धरून बसले होते आणि ती नर्सला विचारत होती, हिल्का आज का नाही आली."

ती माझ्या आत बसली. क्लच तळापर्यंत. किल्ली. मी पहिल्याच झटक्यात उठले, काळा धूर सोडत, अंगण हादरवत. मग आम्ही दोघी थांबलो, तेल पातळ होईपर्यंत.

तिनं काच खाली केली. "वायर काढ, यार्मो. आता मी सांगतेय."

त्यानं काढली.

माझं एवढंच मागणं आहे: मी मरेन तेव्हा मला खुशाल तोडा. पण आधी मला मरू द्या. आता बाजूला व्हा, साइमीची कॉफी व्हायची आहे.